रिकाम्या खोलीतला रेडिओ

मी एका बाईची गोष्ट तिला न विचारता भर सभेत सांगितली. नाव घेतलं नव्हतं, गाव सांगितलं नव्हतं, तरी दिवस मावळायच्या आत ती गोष्ट तिच्या घरी पोचली. ही माझी चूक. हेतू चांगला होता, असं या जागी लिहायचा मोह होतो. पण ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो त्या बाईंना ते वाक्य चालत नसे, म्हणून ते लिहून खोडलं असं समजा.

ती गोष्ट काय होती, हे मी याही वेळी सांगणार नाही. एवढंच सांगायची मला मोकळीक आहे: त्या ताईंना लेकीला घेऊन घरातून बाहेर पडायचं होतं, आणि तयारी पुरी होईपर्यंत घराला कळू नये, एवढंच त्यांचं आमच्याकडे मागणं होतं. यापलीकडे कुणाला काही हवं असेल तर ते इथे मिळणार नाही. हा मजकूर छापायला देण्याआधी मी ताईंना वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्या म्हणाल्या, "हे काढ." काढलं. एका ठिकाणी मी स्वतःच काढत होतो, तर म्हणाल्या, "हे ठेव." ठेवलं. शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके खरे आहेत. त्यांतलं ताईंचं गाव कुठलं ते शोधत बसू नका.

आमच्या बाईंचंही नाव लिहीत नाही. त्या हयात असताना मी एकदा विचारलं होतं, तुमच्यावर कधी लिहिलं तर चालेल का? त्या भाकरी खात होत्या. घास गिळून म्हणाल्या, "माझं नाव लिवलंस की माझ्या दारात कोण कोण यायचं ते लोकांना आठवंल. मला नाव नाय."

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मुंबईच्या एका संस्थेने शहापुरात गावोगावच्या पोरापोरींना कायद्याचं प्राथमिक शिक्षण द्यायला वर्ग काढला होता. पाटीवर 'पॅरालीगल प्रशिक्षण केंद्र' असं लिहिलेलं. पाड्यांवरचे लोक आम्हाला अर्धे वकील म्हणत. वर्ग भरायचा बाजारपेठेमागे, भाताच्या गिरणीला लागून असलेल्या एका खोलीत. भिंत एकच, त्यामुळे सुगीत वर्गभर कोंडा उडायचा आणि घटनेची कलमं लिहिलेल्या फळ्यावर पिवळसर साय धरायची.

बाई शिकवायला होत्या. वाशिंदकडच्या शेतकरी घरातल्या. कल्याणला वकिलांच्या हाताखाली टायपिंगपासून सुरुवात करून त्यांनी सगळी कचेरी चालवायला घेतली होती. मग तिथल्या वकिलाशी कशावरून तरी वाजलं आणि त्या इकडे आल्या. कशावरून वाजलं, हे आम्ही पुष्कळदा विचारलं. त्यांनी कधीच सांगितलं नाही, आणि ते आमच्या शिक्षणातच धरायचं होतं हे आम्हाला फार उशिरा कळलं. काटकुळ्या, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि आवाज असा की गिरणी चालू असतानाही मागच्या बाकावर पोचावा.

आणि रेडिओ. खिडकीच्या फळीवर एक जुना ट्रान्झिस्टर असे. कुणी बाई आपलं काही सांगायला आली की बाई तिला दाराकडे पाठ करून बसवत, म्हणजे रस्त्यावरून तोंड दिसू नये, आणि रेडिओ मोठा करत. बाहेर उभ्या माणसाला शेतीचे बाजारभाव ऐकू येत, आतलं काही नाही. इथपर्यंत कुणालाही सुचेल. पण थोड्याच दिवसांत पेठेतल्या लोकांनी ताडलं, की रेडिओ वाजला म्हणजे आत कुणीतरी रडतंय. समोरचा पानवाला तर येणाऱ्या-जाणाऱ्याला खुणेनं दाखवायचा. बाईंना हे समजलं, त्या दिवसापासून रेडिओ सकाळी कुलूप काढताना लागायचा तो संध्याकाळी कुलूप लावताना बंद व्हायचा. आत माणूस असो नसो. जेवायला गेल्या तरी चालू. आम्ही कायदा शिकत असू तेव्हा त्याच्यावर भजनं, बातम्या, कामगारांसाठीचे कार्यक्रम, सगळं एकत्र वाजे. संस्थेच्या हिशेबनिसाने मुंबईहून विचारणा केली, कायदा शिकवायला एवढे सेल कशाला लागतात? बाईंनी उत्तर पाठवलं, "अंधार पडतो."

"रिकाम्या खोलीत रेडिओ लावून ठेवते," पानवाला म्हणायचा. "येडी हाये बिचारी. नायतर कानानं कमी."

बाईंनी दोन्ही खुलासे मान्य करून टाकले. कुणी विचारलं तर म्हणत, "कान पण गेलेत आणि डोकं पण."

पहिल्या दिवशी आम्हाला त्यांनी एकच पाठ शिकवला. उभं राहून, शाळेतल्या प्रार्थनेसारखं एका सुरात म्हणायचं: मी वकील नाय. कोर्टात मी तुमच्यासाठी उभा राहणार नाय. काम होईलच असं मी सांगणार नाय. खर्डीकडचा एक पोरगा म्हणाला, "बाई, असं सुरुवातीलाच सांगितल्यावर कोण येईल आपल्याकडं?"

"ज्याला खरं पायजे तो येईल," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांसाठी कोर्टाच्या बाहेर एजंट लायनीत बसलेत की."

दुसरी त्यांची रीत म्हणजे 'उलट सांगणं'. माणसाचा जबाब लिहिला, वाचून दाखवला, तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. मग कागद पालथा ठेवून त्या समोरच्याला म्हणत, "आता तू मला सांग, मी काय लिवलंय." त्याने आपल्या बोलीत, आपल्या शब्दांत सांगायचं. जुळलं तर अंगठा. नाही जुळलं तर कागद फाडून परत पहिल्यापासून. सिद्धगडाच्या पायथ्याकडचे म्हातारे यायचे, त्यांची घरची बोली वेगळी. आमच्या शुद्ध मराठीला ते मान डोलवून हो हो म्हणत. "मान डोलली म्हणजे पटलं असं नाय," बाई सांगत, "मान डोलली म्हणजे त्याला घरी जायचंय." एका म्हाताऱ्याचा जबाब त्यांनी इतक्या वेळा फाडला, की शेवटी तोच वैतागून म्हणाला, "बाये, आता माजा तोंडपाठ झाला, कागूद नसला तरी चालंल!" बाई इतक्या खूश झाल्या, की त्याला एसटी स्टँडपर्यंत पोचवून आल्या.

परीक्षा त्या कागदावर घेत नसत. आमचा वर्ग सुटला की आम्ही स्टँडजवळच्या टपरीवर चहाला जायचो. तिथे कुणीतरी ओळखीचा, कधी जीपवाला, कधी खताच्या दुकानातला माणूस, सहज विचारायचा, "काय रे, काल त्या अमक्याची सून आलेली ना तुमच्याकडं?" हे लोक बाईंनी पेरलेले असत. ज्याने "हो" म्हटलं तो नापास, हे उघडच. पण एकदा आमच्यातली एक मुलगी खरंच आली नव्हती म्हणून "नाय आलेली" म्हणाली, तर बाईंनी तिलाही नापास केलं. ती रडायला लागली.

"मी खरं बोलले ना?"

"आज नाय म्हणालीस. उद्या खरंच कोण आलं आणि तुला नाय म्हणता आलं नाय, तर त्याचा अर्थ काय झाला?"

मुलीने डोळे पुसले.

"तुझी आई आली का म्हणून विचारलं तरी एकच उत्तर. मी कुणाचं कुणाला सांगत नाय. पाऊस पडतोय का म्हणून विचारलं तर तेवढं सांगितलंस तरी चालंल."

एकाला झाकायचं असेल तर सगळ्यांना सारखं झाका, असं त्यांचं सगळं चालायचं. पाड्यावर एखाद्या घरी जायचं असलं की त्या पाड्यातल्या एकूण एक घरी जात. प्रत्येक ओसरीवर टेकत, प्रत्येक घरचा कोरा चहा पीत. त्या कुठल्या घरासाठी आल्या होत्या, हे त्यांच्या पाठीमागून चालणाऱ्या आम्हालाही पुष्कळदा कळत नसे. एवढा चहा पिऊन पोटात आग पडायची. परत येताना करवंदीच्या जाळीपाशी थांबून त्या म्हणत, "कायदा शिकवायला पोट पण चांगलं लागतं."

आणि कमळाबाई! कायदा उदाहरणाशिवाय शिकवता येत नाही. बाईंची सगळी उदाहरणं एकाच बाईची असत: दिल्लीची कमळाबाई. कमळाबाईला नवऱ्याने टाकलं, कमळाबाईचा नवरा वारला, कमळाबाईच्या दिराने सातबाऱ्यावरून तिचं नाव उडवलं, कमळाबाईला मुकादमाने फसवलं. एकाच बाईवर इतकी संकटं, की आम्ही वर्गात हसायचो. शिबिरांत मात्र बायका मनापासून विचारायच्या, "काय गो बाई, त्या दिल्लीवाल्या कमळाबाईचं काय झालं? निकाल लागला का?" एका म्हातारीने तर तिच्यासाठी सुकी मासळी बांधून आणली होती. बाईंनी ती घेतली आणि म्हणाल्या, "पोचवते."

दिल्लीचीच का, असं मी विचारलं होतं. "कारण या दोन तालुक्यांत दिल्लीत कुणाची सासुरवाडी नाय," त्या म्हणाल्या.

मी भातसानगरचा. वडील धरणावर नोकरीला, आम्ही कॉलनीत वाढलो. बोलणं स्वच्छ, शाळा-कॉलेजात वक्तृत्वाच्या स्पर्धांत बक्षिसं. मला बोलता येतं, हाच माझा सगळा भांडवलसाठा होता आणि मला तो दाखवायची भारी हौस. बाईंनी हे पहिल्याच आठवड्यात हेरलं. मी टपरीवरच्या परीक्षेत पहिल्या खेपेला नापास झालो, तेव्हा सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "धरणावरचा पोरगा, आणि तोंडाला दरवाजा नाय!" वर्ग हसला. मी पण हसलो. मला ते लागलं, पण त्यांच्या मनात होतं तसं नाही. मला वाटलं, या बाईला माझी किंमत नाही.

ताई आमच्याकडे यायला लागल्या तेव्हा बाईंनी कागद लिहायला मला बसवलं. माझं अक्षर चांगलं म्हणून. त्यामुळे त्यांचं सगळं मला माहीत झालं. बाई त्यांना घाई करू देत नव्हत्या. एकेक कागद, एकेक ओळखीचं माणूस, राहायची जागा, लेकीची शाळा. "बाहेर पडायचं तर एकदाच पडायचं," त्या ताईंना सांगत, "आणि पडलीस की मागं बघायचं काम नको." ताई फार बोलत नसत. उलट सांगताना मात्र एक शब्द चुकत नसत.

मग मुरबाडला महिलांचं शिबिर ठरलं. संस्थेचे मोठे साहेब आणि त्यांच्याबरोबर मदत देणारे पाहुणे आले होते. मांडवात बायका खच्चून बसलेल्या. बाईंनी नेहमीप्रमाणे कमळाबाई सुरू केली. साहेबांनी हे आधी बरेचदा ऐकलं होतं. पाहुण्यांपैकी एकजण जांभई देत होता. बाई पाणी प्यायला खाली उतरल्या, तेवढ्यात साहेब हसत म्हणाले, "अहो, ही दिल्लीची बाई फार झाली. काहीतरी इथलं सांगा. खरं. तुमच्यापैकी कुणी सांगेल?"

मी उठलो. कुणी ढकललं नव्हतं. माईक हातात घेतला. मला बाईंच्या आधी पोचायचं होतं, एवढं आठवतं.

नाव घेणार नाही हे मी अभिमानाने सुरुवातीलाच सांगितलं. स्पर्धेत शिकवतात, श्रोत्यांना चित्र दिसलं पाहिजे, एखादा तपशील द्या. मी एक तपशील दिला. तो इथे लिहिला तर आजही त्या गावचं शेंबडं पोर ओळखेल. मांडव शांत झाला. ती शांतता मला टाळ्यांपेक्षा मोठी वाटली. पाहुणे पुढे झुकून ऐकत होते, एकीने डोळे पुसले. मी बोलत असताना मांडवाच्या कडेला पाण्याचा पेला हातात धरून उभ्या असलेल्या बाई मला दिसल्या. त्या मला थांबवू शकत होत्या. नंतर मला उमगलं, त्यांनी मला थांबवलं असतं तर गोष्ट खरी आहे, जवळची आहे, हे अख्ख्या मांडवाला कळलं असतं. म्हणून त्या उभ्या राहिल्या, आणि माझं झाल्यावर वर येऊन अगदी सहज म्हणाल्या, "तर अशी ही आमची कमळाबाई."

पण उशीर झाला होता. मांडवात ताईंच्या नणंदेच्या गावच्या बायका होत्या. टाळ्या वाजत असतानाच त्यातली एक उठून बाहेर गेली.

त्या संध्याकाळी ताईंच्या घरी काय झालं, हे लिहिलं होतं. ते त्यांनी काढायला लावलं.

पुढल्या बाजारच्या दिवशी ताईंचे दीर केंद्रावर आले. बरोबर गावातले दोघं-तिघं आणि एक हवालदार, ओळखीने आणलेला. रेडिओवर भावगीत चाललं होतं.

"आमची बाई इथं येऊन काय काय बोललीय, ते आमाला पायजे," दीर म्हणाले.

"मी कुणाचं कुणाला सांगत नाय," बाई म्हणाल्या.

"म्हणजे आलेली ना?"

"मी कुणाचं कुणाला सांगत नाय."

"अख्ख्या गावाला माहीत झालंय!"

"गावाला म्हायती असंल. मला नाय."

हवालदाराने टेबलावर हात आपटला. "बाई, तुम्ही काय वकील नाही. वकिलाला असतो गप्प बसायचा हक्क. तुम्हाला सांगावं लागेल."

बाई उभ्या राहिल्या. मी त्यांना इतकं खूश क्वचितच पाहिलं असेल. "बरोबर बोललात. मी वकील नाय. पहिल्या दिवसापासून हेच पाठ करून घेते मी या पोरांकडनं. वकिलाच्या पाठीशी कायदा हाये, आमच्या पाठीशी कोण नाय. म्हणून आमाला त्याच्यापेक्षा जास्त गप्प बसावं लागतं. कोर्टानं विचारलं तर कोर्टात बघू. तुमी कोर्ट नाय." मग दिराकडे वळून, "पान खाताय तर बाहेर थुंका. पोरं शिकतात इथं."

"बघून घेऊ," जाताना दीर म्हणाले.

"बघा की. दार उघडंच असतं."

मी कोपऱ्यात उभा होतो. माझ्याकडे बाईंनी पाहिलंही नाही. लोक गेल्यावर पिशवी उचलून म्हणाल्या, "चल. उद्या जायचंय. तोंड उघडलंस तर बघ."

दुसऱ्या दिवशी आम्ही ताईंच्या गावी गेलो. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत. प्रत्येक ओसरीवर बाई टेकल्या, प्रत्येक घरी चहा मागून घेतला, भात कसा आहे, पोरगी कुठे दिली, असल्या गप्पा. ताईंचं घर मध्ये आलं. तेही टाळलं नाही. सगळा गाव दारादारांतून बघत होता आणि बाई त्या ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या, जणू माहेरी आल्यात. सासू तोंड फिरवून उभी होती. बाई म्हणाल्या, "आजी, सगळ्या घरचा घेतला. तुमचा नाय घेतला तर लोक काय म्हणतील?" सासूला चहा सांगावाच लागला.

चहा घेऊन ताई आल्या. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. बाईंना कप दिला, मला कप दिला, माझ्याकडे पाहिलं नाही. बाई कप संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. त्या घरात त्यानंतर पुन्हा कुणी हात उचलायला धजलं नाही, एवढं लिहायची परवानगी आहे. पण बाहेर पडायचा रस्ता बंद झाला. तो उघडायला बरीच वर्षं गेली, आणि हवं होतं त्यातलं अर्धंच मिळालं. लेकीचं शिक्षण मध्येच राहिलं. हेच ते वाक्य, जे मी काढत होतो आणि ताई म्हणाल्या, "ठेव."

साहेबांना माझं भाषण पसंत पडलं होतं. संस्थेच्या वार्षिक अहवालात ती हकीकत छापायची, फोटोसकट, असा निरोप आला. चेहरा पुसून टाकू, असंही होतं. बाईंनी फोनवर काय सांगितलं ते गिरणीपलीकडेही ऐकू गेलं असेल. "फोटो पायजे तर माझा छापा. खाली लिवा, कमळाबाई, दिल्ली." पुढच्या पावसाळ्यात संस्थेने वर्ग बंद केला. पाटी उतरवली. बाईंनी रेडिओ पिशवीत घातला आणि वाशिंदला आपल्या घरी वर्ग सुरू केला, विनापाटी. लोक तिथेही यायला लागले.

पण वर्ग बंद व्हायच्या आधीची एक गोष्ट राहिली. मला झोप लागत नव्हती. एके दिवशी मी वर्गात उभा राहिलो आणि म्हणालो, "मला सगळ्यांसमोर माझी चूक कबूल करायची आहे. मुरबाडच्या शिबिरात मी..."

"खाली बस!"

मी हबकून बसलो.

"माफी मागायला पण तिचीच गोष्ट सांगणार का परत?"

वर्ग सुटल्यावर त्यांच्या मागे मागे गेलो. म्हणालो, मी ताईंकडे जातो, पाय धरतो. त्या थांबल्या. "आज तू त्या दारात गेलास की गाव गोळा होईल. परत तिच्याच दारात चव्हाटा. तुझ्या पोटात दुखतंय म्हणून तिनं औषध द्यायचं?"

"मग मी काय करू?"

"पहिल्यापासून शिक."

मी चिडलो होतो, हे लपवत नाही. वर्ग जवळजवळ पुरा झालेला, आणि शहापूरचा वर्ग बंद झाल्यावर मी वाशिंदच्या त्या घरात नव्या पोरांबरोबर मागच्या बाकावर बसून 'मी वकील नाय' म्हणायचं! तिथल्या कारखान्यात ओळखीने कामही मिळत होतं. पण गेलो. का गेलो ते मला अजून नीट सांगता येत नाही. टपरीवरची परीक्षा परत दिली, परत. एकदा खुद्द माझ्या आतेभावाला त्यांनी पेरला होता. त्यालाही मी म्हणालो, "मी कुणाचं कुणाला सांगत नाय." तो आजही माझ्याशी नीट बोलत नाही.

मग मी हेच काम करत राहिलो. दोन्ही तालुक्यांत फिरलो. अधूनमधून बाईंना विचारायचो, "आता जाऊ?" त्या म्हणायच्या, "थांब." मी माफीचं भाषण तयार करून त्यांना ऐकवलं. अर्ध्यावर थांबवून म्हणाल्या, "यात 'पण' कितींदा आला? माफीत 'पण' आला की तो जबाब झाला. आणि 'मला वाटलं' कशाला? तुला काय वाटलं ते तिनं ऐकायला तू कोण?"

त्या थकल्या. रेडिओचा आवाज आणखी मोठा झाला, कारण आता कान खरंच कमी झाले होते. शेवटी एका उन्हाळ्यात, मी विचारलंही नव्हतं, त्या म्हणाल्या, "तिची लेक गेली नवऱ्याकडं. ती आता सासरपासनं वेगळी, आपल्या घरात एकटीच असते. कुणाला काय पडलेलं नाय आता. जा." आणि मी उठलो तेव्हा मागून ओरडल्या, "सगळ्या घरी!"

गेलो. निमित्त म्हणून हाताशी रेशनकार्डाच्या शिबिराची पत्रकं घेतली होती. पहिल्या घरापासून सुरुवात केली. प्रत्येक ओसरीवर टेकलो, प्रत्येक घरचा चहा घेतला. ताईंच्या दारात पोचेपर्यंत पोटात आग पडली होती.

त्यांनी मला ओळखलं. काही न बोलता आत बसायला सांगितलं, दाराकडे पाठ करून. मग कोपऱ्यातला टीव्ही लावला आणि त्याचा आवाज वाढवत वाढवत इतका मोठा केला, की त्यावर चाललेल्या मालिकेतल्या सासवा-सुना जणू त्या खोलीतच भांडत होत्या. माझ्या समोर येऊन बसल्या.

"बोल आता."

माझ्याजवळ सगळी वर्षं घोटून ठेवलेलं काहीच उरलं नाही. मी म्हणालो, "ताई, तुमची गोष्ट तुमची होती. मी ती तुम्हाला न विचारता सांगितली. माझं चुकलं. मला माफ करा."

ताई म्हणाल्या, "थांब. उलट सांगू?"

मी मान डोलावली, आणि लगेच आठवून तोंडाने म्हणालो, "सांगा."

"मी तुझ्याजवळ ठेवायला दिलेलं तू वाटून टाकलंस. लोकांनी तुला वा वा करावं म्हणून वाटलंस. त्याचं मी भरलं, माझ्या लेकीनं भरलं. ते तुला भरून देता येणार नाय, हे तुला म्हायती हाये. तरी तू आलास. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.